बिनपैशाचा प्रचार आणि खणांचा ढीग

बिनपैशाची निवडणूक कशी लढवतात ते अख्ख्या बेळगाव तालुक्याला दाखवून देतो, असं मी आमच्या गावच्या चौकात छातीठोक सांगितलं होतं. जेवणावळ न्हाय, पाकीट न्हाय, कुणाला चहासुद्धा न्हाय! उमेदवार अर्थात मी नव्हतो. ग्रामपंचायतीची ती जागा बायकांसाठी राखीव, म्हणून माझी बायको राजेश्वरी उभी होती. भाषणं तेवढी माझी.

समोर सुबराव कंत्राटदारांची बायको, बायाक्का. त्यांचे कुकर घरोघर पोचले होते.

"आपण काय द्यायचं?" राजेश्वरीनं विचारलं.

"काय न्हाय! दारात जायचं, हात जोडायचे, मत मागायचं. गटार, पाणी, दिवे, एवढंच बोलायचं."

"आणि हरले तर?"

"तर ताठ मानेनं हरशील!" मी म्हणालो. मान तिची, मला बोलायला काय जातंय!

राजेश्वरी निघाली. पहिलंच घर जयाबाईंचं. त्यांनी गटाराचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि राजेश्वरी उठली तसा दारात हात आडवा घातला.

"पहिल्यांदा कायतरी मागायला आलीस गं. सवाष्ण बाई, रिकाम्या वटीनं कशी जाशील?"

खण, नारळ, तांदूळ! ओटीला नको म्हणता येत नाही. आणि जयाबाईंनी भरली म्हटल्यावर शेजारीण कशाला मागं राहते? अख्ख्या वरच्या गल्लीनं ओटी भरली. प्रचार संपेपर्यंत आमच्या सोप्यात कापडाचं आणि नारळाचं दुकान मांडल्यासारखं झालं.

"अहो, कुकरवाल्यांकडनं घेतात आणि मला देतात," खणांच्या घड्या घालत राजेश्वरी म्हणाली. "मला तर रडूच येतंय बघा."

खरं सांगतो, मलाही भरून आलं. मग मी लगेच त्यावर एक भाषण करायचं ठरवलं!

ते राहूनच गेलं. मतदानाच्या आदल्या दिवशी कुणीतरी तक्रार केली आणि निवडणुकीचं फिरतं पथक दारात हजर!

"एनिदु? काय हे?" साहेबांनी ढिगाकडं बोट केलं.

"वटीतलं हाय साहेब. मतदारांनी दिलंय."

"मतदारांनी? उमेदवाराला?" साहेब पोट धरून हसले. "एवढी सर्व्हिस झाली माझी, असलं उलटं कधी ऐकलं नाही! वाटायला आणलंय. केस होणार."

राजेश्वरीचा चेहरा पडला. "अहो, मला पण कुकरवाल्यांच्या पंक्तीत बसवतील हो!"

तेवढ्यात मला कल्पना सुचली. आमच्या घरातली सगळी संकटं इथूनच सुरू होतात. मी जयाबाईंना हाक मारली, त्यांनी गल्लीला. म्हटलं, जिनं तिनं आपापला खण ओळखून दाखवा!

"ह्यो माझा!" जयाबाई पुढं झाल्या. "भाचीच्या लग्नात आलता, कोपऱ्यात हळदीचा डाग बघा."

"ह्यो माझा!" शेजारीण म्हणाली. "उंदरानं कुरतडलाय, पण मन मोठं हाय!"

साहेब गारच पडले. "खरं दिसतंय. पण उद्याचं मतदान होईपर्यंत हे इथं नको. ज्याचं त्याला परत द्या."

"दिलेली वटी माघारी घेत्यात व्हय?" जयाबाई भडकल्या.

"घ्या हो! निकालानंतर परत भरा!" म्हणत मीच दारात उभा राहिलो आणि एकेकीच्या हातात खण-नारळ कोंबत सुटलो. चेहऱ्यावर हसू, मान ताठ!

समोरच्या कट्ट्यावरून कुणीतरी मोबाईलवर टिपत होतं. जेवणवेळेला मी गावातल्या प्रत्येक फोनवर होतो. बायकांची रांग, हसरा मी, आणि खाली ओळ: 'बघा, बिनपैशाचा प्रचार!'

दुपारी खालच्या गल्लीतल्या बायका दारात.

"ज्योतिबाअण्णा, वरच्या गल्लीला खण-नारळ! आम्ही काय पाप केलंय?"

मी घसा कोरडा होईपर्यंत ओटी, पथक, परत करणं, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे. आमचं कधी?"

राजेश्वरी हरली. अगदी थोडक्यात. खालची गल्ली रुसली, असं सगळे म्हणतात.

तेव्हापासून एकच विचार डोक्यातून जात नाही. आमच्या बायकांचा हात मुळात देणारा. मत मागायला आलेल्या बाईलासुद्धा रिकामं पाठवत नाहीत. त्या हाताला घ्यायची सवय कुकरवाल्यांनी लावली, हे खरंच. पण दिलेलं परत घ्या म्हणून दारात उभा राहिलेला शहाणा मीच!

निकालाच्या संध्याकाळी जयाबाई पुन्हा आल्या, तोच हळदीच्या डागाचा खण घेऊन. "मत दिलं, वटी बी दिली. दोन्ही माघारी घ्यायचं नसतं गं." राजेश्वरीनं पदर पसरला आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून माझ्याकडं वळली.

"पुढच्या खेपेला मी परत उभी राहणार. अशीच, रिकाम्या हातानं."

"शाब्बास!" मी ओरडलो. "मी चौकात आत्ताच जाहीर..."

"प्रचाराचे तेवढे दिवस तुम्ही निपाणीला जाऊन राहायचं. माझ्या माहेरी."

सासूबाईंना कळवून झालंय म्हणे.