सहा टक्के व्याजासह

पाटाच्या पाण्यावरून सांडोरच्या शत्रुघ्नने सख्ख्या धाकट्या भावाला, श्रीपतला, कोर्टात खेचलं आणि दावा जिंकला. वकिलाची फी आणि खर्च मिळून चार हजार दोनशे रुपये श्रीपतने द्यावेत, देईपर्यंत सहा टक्के व्याजही द्यावं, असा हुकूम झाला. पाण्यापेक्षा शत्रुघ्नला त्या व्याजाचाच आनंद जास्त.

तीन महिन्यांनी, २०१५च्या फेब्रुवारीत, पोस्टमन श्रीपतची मनीऑर्डर घेऊन दारात उभा राहिला. व्याजासकट सगळी रक्कम होती.

"परत ने," शत्रुघ्न म्हणाला. "वाढू दे व्याज."

"अहो, घ्या की," बायको भागूबाई आतून ओरडली. "भाऊ आहे तुमचा."

"म्हनूनच. बँक बुडेल, कोर्ट बुडनार नाय. तो झोपला तरी माझं वाढनार."

पुढच्याच महिन्यात श्रीपतच्या दिपिकाचं लग्न झालं. शत्रुघ्नच्या खांद्यावर बसून केळीच्या वाडीत हिंडलेली पोर, पण सख्ख्या काकाला साधी पत्रिका आली नाही. मधल्या भिंतीपलीकडचे ताशे ऐकत तो दात खात बसला, आणि पुढे अकरा वर्षं तेच उगाळत राहिला. दर पाडव्याला मात्र कॅलेंडरच्या पाठीवर व्याजावर व्याज चढवताना माणूस कसा खुलायचा! आकडा आठ हजारांना भिडला तेव्हा त्याने वसईच्या रोवेना वकिलीणबाईंकडून श्रीपतला नोटीस धाडली.

उत्तर आलं तसं बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"काका, व्याजावर व्याज मिळत नाही."

"बरं, साधं धरा."

"आणि तुम्ही मनीऑर्डर परत केली होती?"

"छाती ठोकून केली!"

"मग व्याज त्याच दिवशी थांबलं. ते द्यायला आले, तुम्ही घेतलं नाहीत. तीन महिन्यांचे त्रेसष्ट रुपये होतात. त्यांनी चार हजार दोनशे त्रेसष्टचा चेक पाठवलाय. माझी फी पाच हजार."

"मग परत केलीच नाय, असं सांगा."

बाईंनी एक झेरॉक्स पुढे सरकवली. परत गेलेल्या मनीऑर्डरचा फॉर्म होता. त्यावर पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार', आणि तारीख. खाली निरोपाच्या जागेत श्रीपतचं बारीक अक्षर होतं.

'दादा, तू दार उघडत नाहीस म्हणून इथे लिहितो. पाणी तुझंच. दिपिकाचं लग्न नऊ मार्चला आहे. पत्रिका परक्यांना देतात, तू नुसता ये.'

शत्रुघ्नने ते दोनदा वाचलं.

घरी पोचल्यावर भागूबाईने पाणी दिलं. "किती सुटले?"

तो मधल्या भिंतीकडे बघत राहिला. "दिपिकाचं पोर आता कितवीला गं?"

"चौथीला," भागूबाई म्हणाली. "गणितात कच्चा आहे म्हणतात. चुलत आजोबांवर गेलाय."