पदकामागचं चुंबक

"भोक?" बंबसाहेबांची बायको किंचाळलीच. "नव्या कोटाला भोक पाडताय?"

बंबसाहेब पदकाची पिन कोटात खुपसण्याच्या बेतात होते, ते हात वर करून जागच्या जागी थिजले. अग्निशमन दलात उभा जन्म गेलेला हा माणूस. कितीही पेटलेल्या घरात बेधडक शिरायचा, पण घरातल्या आवाजाला मात्र टरकून असायचा. निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना बंबसाहेबच म्हणे, आणि आज जुन्या केंद्राच्या समारंभात त्यांचा सत्कार होता.

"अगं, पदक आहे ते. लावू कशानं, डिंकानं?"

"मागच्या वेळी पिनच लावली होतीत ना? तिचं मागचं टोपण पडलं कुठेतरी, आणि भर जेवणात पदक शेजारच्या बाईंच्या ताटात! मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. हे घ्या." तिनं दोन चपट्या पट्ट्या पुढे केल्या. "चुंबक आहे. एक पट्टी पदकाला, दुसरी कोटाच्या आतून. भोक नाही, टोपण नाही, कटकट नाही. माझ्या फिरायच्या मैत्रिणीनं दिलंय. पाकिटात दोन जोड्या होत्या, एक तिनं ठेवली."

पट्ट्या एकमेकींना अशा काही चिकटल्या, की मधे बंबसाहेबांचं बोट चेमटलं. ते कळवळले, पण मनातून खूश झाले. आज पदक हललेलं त्यांना चालणार नव्हतं. आज ते बोलणार होते.

गोष्ट जुनी होती. कापडाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा धुरात शिरून बेशुद्ध पहारेकऱ्याला खांद्यावर घातलं बंबसाहेबांनी. खिडकीपर्यंत आणलं बंबसाहेबांनी. खाली शिडीवर त्यांचा जिवलग दोस्त उभा होता. त्यानं पहारेकऱ्याला खाली उतरवलं, आणि फोटो निघाला नेमका तेव्हा. झालं! शौर्यपदक दोस्ताला. बंबसाहेबांना पुढे मिळालं ते दीर्घ सेवेचं, म्हणजे इतकी वर्षं नोकरीत टिकून राहिल्याबद्दल. त्या दिवसापासून दोस्ताचा 'शिडीवाला' झाला आणि बोलणं बंद पडलं. बायकोला मात्र हे प्रकरण रोज सकाळी चहाबरोबर ऐकावं लागे. आज सगळ्यांसमक्ष माईकवरून 'ते पदक माझं होतं' असं सांगायचंच, असा बंबसाहेबांनी निर्धार केला होता.

सभागृह खच्चून भरलं होतं. बंबसाहेब व्यासपीठावर चढले आणि पाहतात तो पलीकडच्या खुर्चीत शिडीवाला! छातीवर तेच शौर्यपदक, घासूनपुसून चकचकीत केलेलं.

"एकाच आगीतले दोन वीर!" निवेदक माईकमध्ये ओरडला. "होऊन जाऊ द्या गळाभेट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आता नाही कसं म्हणणार? दोघंही कडू औषध घेतल्यासारखी तोंडं करून पुढे झाले. लवकर उरकावं म्हणून दोघंही कडेकडेनंच भिडले, आणि त्यामुळेच नेमक्या दोघांच्या डाव्या छात्या समोरासमोर आल्या.

खट्ट!

बंबसाहेब मागे सरले. सरले कसले! शिडीवालाही बरोबर आला.

"सोड," बंबसाहेब पुटपुटले.

"मी कुठे धरलंय? तूच सोड!"

"माझे हात बघ, मोकळे आहेत."

शिडीवाल्यानं पाहिलं आणि त्याचे डोळेच विस्फारले. "मग चिकटलंय काय?"

"तू पदक कशानं लावलंयस?"

"चुंबकानं. बायकोनं दिलं. तिच्या फिरायच्या मैत्रिणीबरोबर वाटून घेतलं म्हणाली."

दोघांनी एकदमच माना वळवल्या. पहिल्या रांगेत दोघांच्या बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि दोघींचेही हात तोंडावर होते. या नवऱ्यांचं बोलणं बंद असताना त्या बायका रोज सकाळी जोडीनं फिरत होत्या! बंबसाहेबांना दरदरून घाम फुटला.

इकडे सभागृहाला वाटलं, इतक्या वर्षांचा दुरावा वितळतोय. लोक उभे राहिले. निवेदकानं रुमाल काढून डोळे टिपले. एक आजीबाई तर हुंदकेच द्यायला लागल्या.

"ओढू?" शिडीवाल्यानं विचारलं.

"नको, कोट फाटेल. ती जीव घेईल माझा."

"मग बाजूला सरकव. तू डावीकडे, मी डावीकडे."

"तुझी डावी की माझी?"

"अरे देवा, अजूनही असाच आहेस का तू!"

दोघं एकमेकांना चिकटून, गुडघ्यात वाकून, इंचाइंचानं सरकायला लागले. तो नाच बघून टाळ्यांना ताल आला. मग कर्रर्र असा आवाज झाला आणि दोघं सुटून दोन बाजूंना धडपडले.

बंबसाहेबांनी छातीकडे पाहिलं. त्यांच्या छातीवर शौर्यपदक होतं. शिडीवाल्याच्या छातीवर त्यांचं दीर्घ सेवेचं.

"पदकांची अदलाबदल!" निवेदक गहिवरून ओरडला. "काय हे मोठं मन! बोला साहेब, बोला!" आणि माईक बंबसाहेबांच्या तोंडाशी आला.

बंबसाहेबांनी तोंड उघडलं. वर्षानुवर्षं घोकलेलं भाषण, आणि त्यातला एकही शब्द आता उपयोगाचा नव्हता. पदक तर छातीवर होतं! "धन्यवाद," एवढंच कसंबसं म्हणून ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा समोर निवत होता. बंबसाहेब कपाकडे बघत नुसते बसून होते. तक्रारच उरली नव्हती, तर बोलणार काय? त्यांना एकदम पोरकं पोरकं वाटायला लागलं.

"फोन करा त्यांना," बायको म्हणाली. "पदकं बदलून घ्या आपापली. बरं नाही दिसत ते."

बंबसाहेबांनी फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी फोन आपटला.

"देणार नाही म्हणतो!" ते गरजले. "म्हणतो, सेवा मीही तुझ्याइतकीच केली, पण शौर्याचं दिलंय म्हणून दीर्घ सेवेच्या वेळी मला वगळलं. इतकी वर्षं माझ्या त्या पदकावर जळत होता गं तो! ऐकलंस? माझ्या हक्काचं पदक ढापून बसलाय!"

बायको थक्क होऊन बघतच राहिली. "अहो, मग त्यांचं ते शौर्यपदक तरी परत देताय ना?"

"मी? मी का म्हणून देऊ?" बंबसाहेबांनी कप जवळ ओढला, आणि सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं.