गोड कणसाचा सत्कार

मुलांनो, नीट बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात सगळे प्राणी मका पिकवत आणि मक्यावरच जगत. जंगल चांगले घनदाट होते. दर झाडामागे एक समिती होती.

बियाण्याचे काम भागाबाई साळिंदरीकडे होते. ती कणसे शेतातल्या उभ्या ताटावरच वाळू द्यायची. दाणा दाताखाली कडक लागला की मगच तो बियाण्याला ठेवायची. तिच्या आईनेही जन्मभर हेच केले होते.

एके वर्षी चव समितीला एक फार गोड कणीस सापडले. त्याच ताटावरचे दुसरे पंधरा दिवसांनी चाखले, तरी गोडच. राजे अस्वलराव कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खात राहिले.

"यापुढे हेच पेरायचं!" ते म्हणाले.

भागाबाई पुढे आली. "महाराज, कोवळ्या दाण्यात साखर असतेच. पण पुढे तिचं पीठ व्हावं लागतं. मातीत गेल्यावर पान फुटेपर्यंत कोंब तेच पीठ खातो. या दाण्याला साखरेचं पीठ करता येत नाही, म्हणून तो गोड आहे. हे त्याचं दुखणं आहे."

समितीचा अध्यक्ष पोपट हसला. "बाई, पीठ करणाऱ्याला आम्ही साठेबाज म्हणतो. हा बघा किती मनमोकळा!"

समितीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात एकानेही पेरणी केली नव्हती. मला अशा लोकांची मनापासून किळस येते.

मग गोड कणसाचा सत्कार ठरला. जेवणाला भाकरी हवी, आणि गोड मक्याचे धड पीठ पडेना. तेव्हा समितीने भागाबाईचे सगळे बियाणे दळायला घेतले. ती जात्यापुढे आडवी पडली. तिला काठीने ढकलून बाजूला केले. भाकरी उत्तम झाल्याचा शेरा समितीने मारला आहे.

गोड दाणे वाळून सुरकुतले. तेच पेरले. बरेचसे कुजले. उरलेल्यांतून पांढुरके कोंब निघाले, बोटभर वाढले आणि उपाशी मेले.

मग जंगलही उपाशी पडले. समितीने तातडीने चौकशी केली. भागाबाईला हे आधीपासून ठाऊक होते, म्हणजे यात तिचाच हात असणार, असे ठरले. तिला जंगलाबाहेर काढले. पोटात काही नसल्यामुळे या वेळी टाळ्या जरा हळू वाजल्या.

तात्पर्य : आपण नेहमी गोड राहावे. पुढच्या पेरणीची काळजी बेचव लोक करतात. त्यांना आधी दळून खावे आणि मग जाब विचारावा.