खरा मुलगा नंबर मागत नाही

जानेवारी उजाडला की प्यो बोन-सूला कराच्या हिशेबाची काळजी लागायची. वर्षभरात पगारातून जास्त कर कापला गेला असेल, तर सवलतींचे पुरावे दिल्यावर तो फेब्रुवारीत परत मिळे. कंपनीत सगळे त्याला ‘तेरावा पगार’ म्हणत. गेल्या वर्षी मात्र बोन-सूचा हा तेरावा पगार उलटा फिरला होता. परत मिळणं दूरच, त्याच्याच पगारातून आणखी पैसे कापले गेले आणि ते बायकोला सांगायला त्याला आठवडा लागला.

यंदा हिशेब विभागातल्या मिनबाईंनी त्याचे कागद चाळले आणि विचारलं की आईला दरमहा पैसे पाठवता, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशनही तुम्हीच करवलंत, मग आईचं नाव कुठाय? आई तुमच्यावर अवलंबून आहे असं दाखवलं की सवलत मिळते, दवाखान्याचा खर्चही धरतात. फक्त तिची संमती हवी. तिच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो तिनं तुम्हाला सांगायचा. शुक्रवारच्या आत.

बोन-सूची आई बुन-रे दूर दक्षिणेला, गोहुंगच्या किनाऱ्यावर एकटी राहायची. त्यानं लगेच फोन लावला. नेमकी त्याला सर्दी झाली होती.

“आई, तुझ्या मोबाइलवर आत्ता एक नंबर आला असेल. तो सांग बघू.”

मग आईनं विचारलं, “कोण बोलतंय?”

“अगं, मी बोन-सू. सर्दीनं घसा बसलाय.”

“तुमच्यातल्या सगळ्यांचाच घसा बसलेला असतो,” आई म्हणाली.

त्याच आठवड्यात हवालदार हाम यांनी गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांना फोनवरच्या भामट्यांपासून कसं वाचायचं ते शिकवलं होतं. खरा मुलगा फोनवर नंबर मागत नाही, हे वाक्य त्यांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. बुन-रे पहिल्या रांगेत होती.

तिनं परीक्षा घेतली. वाढदिवसाला करतात त्या समुद्री शेवाळाच्या सूपमध्ये मी काय घालते? बोन-सू घाईत ‘गोमांस’ म्हणाला. ते त्याची बायको घालायची. आई शिंपल्या घालायची. फोन बंद झाला, पुन्हा लागेना.

त्यानं शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा मोबाइल मागून घेतला आणि संदेश धाडला, ‘आई, माझा फोन लागत नाही, हा दुसरा नंबर आहे, घाई आहे.’ भामटे अगदी हेच लिहितात, हे त्याला पाठवल्यावर सुचलं. मग त्यानं गावच्या सरपंचांना फोनवर गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि थोड्याच वेळात गावच्या भोंग्यावरून जाहीर केलं की बुन-रेबाईंचा मुलगा असल्याचं सांगून बसक्या आवाजाचा एक इसम फोन करतोय, सावध राहा. दुपारी बुन-रेनं बँकेत जाऊन खातं बंद करवलं. संध्याकाळी हवालदार हाम यांचा फोन आला. आपण कुठून बोलताय, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं, आणि त्या अदबीनंच बोन-सूला घाम फुटला. त्यानं पत्ता सांगितला, नोकरी सांगितली. हाम म्हणाले, नोकरीचंही सगळे सांगतात.

गुरुवारी रजा टाकून, दोन बस बदलून तो गावी पोचला. सभागृहात आई, सरपंच, हवालदार आणि निम्मं गाव जमलं होतं. हाम यांनी विचारलं, हाच का तुमचा मुलगा? आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बोन-सूला वाटलं, आता ही नाही म्हणाली तर आपण कुणाकडे दाद मागायची?

“चेहरा त्याचाच आहे,” ती अखेर म्हणाली. “पण माझा मुलगा सुगीच्या चुसोक सणाला जेवून गेला, तो अजून फिरकला नव्हता.”

बायका मान खाली घालून हसल्या. मग त्यानं नंबर पुन्हा मागवला, आईनं तो सांगितला, काम झालं, आणि तिनं त्याला कालवांचं कालवण इतकं वाढलं की त्याला बोलताही येईना. तेवढ्यात हाम शेजारी येऊन बसले. शेजारच्या गावात पुढच्या महिन्यात असाच वर्ग आहे, म्हणाले. बुन-रेबाई खरा प्रसंग करून दाखवायला तयार आहेत, समोर भामटा तेवढा हवाय. तोंडात घास असल्यानं बोन-सूला नाही म्हणता आलं नाही. आई म्हणाली, येईल तो.

फेब्रुवारीत कर परत मिळाला, आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी बोन-सू अनोळखी गावात, शंभरेक म्हाताऱ्यांसमोर, हातात मोबाइल धरून उभा राहिला. आईनं ठरल्याप्रमाणे नकार दिला. त्यानं पुन्हा विनवलं. तिनं पुन्हा झिडकारलं. हळूहळू त्याला आपण सोंग करतोय याचा विसरच पडला; गेल्या महिन्यातली सगळी धास्ती आठवून तो रडवेला झाला.

“आई, खरंच गं, मीच आहे. एवढा नंबर सांग, नाहीतर माझं काही खरं नाही.”

हाम समाधानानं लोकांकडे वळले, आता यातून काय शिकलो, असं विचारण्यासाठी.

पहिल्या रांगेतली एक आजी तेवढ्यात उठली. तिनं चष्मा कपाळावर चढवला, आपला मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि बोन-सूचा हात थोपटत म्हणाली, “रडू नको रे बाळा. माझा नंबर घे, दोन आलेत. कुठला सांगू, वरचा की खालचा?”