केकवरची रेघ

माओरी भाषेतल्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या, तेव्हा राजन सबनीसला आपण फार मोठा पराक्रम केला असंच वाटलं होतं. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावातल्या त्याच्या ऑफिसात न्यूझीलंडमधल्या एका शाळेसाठी व्याकरणाचं ॲप तयार होत होतं. वर माओरी शब्द, खाली इंग्रजी अर्थ. 'कुपुमहि' म्हणजे क्रियापद, 'कुपु आहुआ' म्हणजे विशेषण. पण काही अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा होत्या, आणि नेमकी तीच अक्षरं पडद्यावर चौकोनी डबे होऊन उमटत. राजनने रेघा उडवल्या, डबे गेले. त्याची डच बॉस आनेके हिने ॲप न उघडताच "टॉप!" असं कळवून काम मंजूर केलं.

मग शाळेतल्या हुइयाबाईंची मेल आली. "ॲप देखणं आहे. पण तोहुतो कुठे गेले?"

राजनने 'तोहुतो' ॲपमध्येच शोधला. अर्थ निघाला: स्वर दीर्घ असल्याची खूण, म्हणजेच अक्षरावरची आडवी रेघ. खुद्द त्या शब्दावरची रेघसुद्धा त्याने इमानेइतबारे पुसलेली होती.

मूळ फाइल पुन्हा मागवायची, तर स्वतःची फाइल आपणच बिघडवली हे सांगावं लागणार. त्यापेक्षा राजनने सोपा मार्ग काढला. होता नव्हता तेवढ्या प्रत्येक स्वरावर रेघ ओढून टाकली.

संध्याकाळी डीमन गावातल्या घरी जेवताना त्याने हे बायकोला, मंजूषाला सांगितलं. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"सगळेच दीर्घ? अरे, दिन आणि दीन एकच का?"

"त्यांनी रेघा मागितल्या, मी दिल्या. कमी पडायला नकोत."

"मीठ आहे का ते?"

सोमवारी हुइयाबाईंनी ॲप वर्गात लावलं. ॲप शब्द मोठ्याने वाचूनही दाखवत असे. विशेषणाच्या पानावर साधंसं वाक्य होतं: केक गोड आहे. माओरीत केकला म्हणतात 'केके'. दोन्ही स्वर लांबवून 'केऽकेऽ' म्हटलं की त्याची काख होते. ॲपने खणखणीत आवाजात मुलांना सांगितलं, की काख गोड आहे.

हुइयाबाईंनी लगेच कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. राजनला रात्रभर झोप नाही. नोकरी गेली की इथे राहण्याचं परमिटही जाणार. पुण्यात जाऊन सांगायचं काय, काखेमुळे परत आलो?

कॉल सुरू झाला. हुइयाबाईंचा चेहरा गंभीर होता. आनेके म्हणाली, "बहुधा सिस्टिममध्ये काहीतरी..."

"सिस्टिम नाही," राजनच्या तोंडून निघून गेलं. "मी केलं. आधी रेघा पुसल्या, मग दिसेल तिथे ओढल्या."

मग हुइयाबाई म्हणाल्या, "सगळं दुरुस्त करायचं. आमच्या आज्यांनी जपलेली भाषा आहे ही. मूळ फाइल पुन्हा पाठवते." एवढं बोलून त्यांना हसू आवरेना. "पण खरं सांगू? मुलं काल दिवसभर एकमेकांच्या काखा हुंगून विशेषणं शोधत होती. आंबट, कुबट, भयंकर! वर्षभर डोकं फोडून जे जमलं नव्हतं, ते एका दिवसात जमलं."

राजनचा जीव भांड्यात पडला. पण आनेकेचे डोळे चमकले होते.

आठवड्याभरात ऑफिसात नवा विभाग निघाला: नियोजित चुका. प्रमुख, राजन सबनीस. प्रत्येक चूक आधी समितीपुढे मांडायची, तिचा उद्देश सांगायचा, मंजुरी मिळाली की मगच करायची. राजन रोज सकाळी कोरा पडदा उघडून बसे. घाईत, झोपेत, निष्काळजीपणाने ज्याच्या हातून पूर्वी सहज चुका होत, त्याला आता ठरवून एकही धड सुचेना. माओरी शब्दांशी खेळायचं नाही, असं हुइयाबाईंनी बजावलंच होतं. इंग्रजीत मुद्दाम चुकायला जावं, तर ॲप आपणहून दुरुस्ती करी. समितीने त्याच्या तीन चुका नापास केल्या. एक फार जुनी म्हणून, दोन बरोबर निघाल्या म्हणून.

वर्षअखेरीला आनेकेने त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"राजन, मी स्पष्टच बोलते," ती म्हणाली. "वर्षभरात तुझ्या कामात एकही चूक सापडली नाही. सुधारणेला पुष्कळ वाव आहे."