न घेतलेला आदर्श तास

भाषा विभागातल्या मॅडम सहा वर्षं हंगामी होत्या, आणि त्यांच्या सासूबाई सहा वर्षं रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारत होत्या, "झालीस का गं कायम?" यंदा चिन्हं बरी होती. फाईल सगळ्या सह्या घेऊन परत आली होती, फक्त प्रशिक्षणाचा दाखला तेवढा अडला होता. म्हणून मॅडमनी भाषाशिक्षकांच्या उजळणी वर्गात नाव नोंदवलं.

उजळणी घ्यायला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. भाषा कशी शिकवावी यावर संशोधन करण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे प्रत्यक्ष शिकवायला सवड मिळाली नव्हती. शिक्षक जितका कमी बोलेल तितकी मुलं जास्त शिकतात, असं त्यांचं ठाम मत. ते त्यांनी सलग तीन तास बोलून सगळ्यांना पटवून दिलं. मग काम दिलं: प्रत्येकाने एका सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि निरीक्षणाचा फॉर्म भरायचा.

मॅडमची जोडी लागली मोठ्या सरांशी. मोठे सर निवृत्तीला टेकले होते आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. वेळापत्रक केलं ऑफिसातल्या क्लार्कने. एकाच दिवशी दोन्ही उरकावं म्हणून त्याने दोघांचंही निरीक्षण मंगळवारी दहाला टाकलं.

झालं. मंगळवारी दहाला मॅडम खाली सरांच्या वर्गात मागच्या बाकावर, आणि सर वर मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर. आपला तास कोण घेतंय, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. कागदावर छापलंय म्हणजे कुणीतरी विचार केला असणार, अशी विद्यापीठात माणसाची श्रद्धाच असते.

पोरांना वाटलं, तपासणी आली. त्यांनी निमूट पुस्तकं काढली. एक मुलगी वाचायला लागली, बाकीचे हळू आवाजात अर्थ लावायला लागले. मॅडमनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. सर काही येईनात. आता हे लिहायचं, तर नोकरीच्या शेवटी म्हाताऱ्या माणसाला बट्टा लागायचा. मॅडमचा जीव कळवळला. त्यांनी फॉर्म भरला: 'शिक्षकांचे बोलणे: अजिबात नाही. मुलांची चर्चा: भरपूर.' वरच्या मजल्यावर सरही मॅडमसारख्या हंगामी पोरीची नोकरी जाऊ नये म्हणून अक्षरशः हेच लिहीत होते.

फॉर्म पेटीत टाकून दोघं जिन्यात भेटले.

"छान झाला हो सर तुमचा तास."

"तुमचाही. आवाज म्हणून चढला नाही."

मॅडम दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "सर, माझ्या वर्गात कोण होतं?"

"मी होतो की."

"शिकवायला?"

"छे हो, बघायला. माझ्या वर्गात कोण होतं?"

"मी," मॅडम म्हणाल्या, आणि दोघंही पायरीवरच बसले.

तिकडे तज्ज्ञांना आनंद मावेना. शिक्षक एक शब्द बोलला नाही, असा तास त्यांना पहिल्यांदाच सापडला होता, आणि तेही दोन. "उद्या हाच तास सगळ्यांसमोर घ्यायचा," त्यांनी जाहीर केलं. मोठ्या सरांचा गुडघा त्याच मिनिटाला धरला. राहिल्या मॅडम.

"सर, खरं सांगते," मॅडम तज्ज्ञांना म्हणाल्या, "मी त्या वर्गात नव्हतेच."

"वा. हेच मी सगळ्यांना सांगत असतो. वर्गात असून नसल्यासारखं व्हा."

"तसं नाही सर. मी खालच्या मजल्यावर होते."

"मनाने," तज्ज्ञ समजुतीने म्हणाले.

घरी सासूबाईंनी निकाल दिला, "चाळीस मिनिटं गप्प बसायचं आणि नोकरी कायम? मग बस की."

"जमेल का मला?" मॅडमनी नवऱ्याला विचारलं. तो ताटात बघत म्हणाला, "मला नको यात ओढूस."

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर तीस शिक्षक फॉर्म घेऊन बसले. तज्ज्ञांच्या हातात घड्याळ. मॅडम खुर्चीत, तोंड मिटून. फळ्यावर विषय लिहिलेला: वसतिगृहाच्या नळाला पाणी येत नाही, तक्रारीचं पत्र लिहा. मुलांनी आपसात बोलून पत्रं लिहिली. सगळं कसं आदर्श चाललं होतं. अकराव्या मिनिटाला एकाने आपलं पत्र वाचलं: "माननीय महोदय, आमच्या नळाला पाणी येत नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली. दुसरीने वाचलं: "आम्हाला पाण्याची फारशी गरज नाही, तरी रागावू नये."

मॅडम उठल्याच. "अरे, नळ त्यांचा, पाणी त्यांनी द्यायचं, आणि माफी तुम्ही मागताय?"

मग काय, सुटल्याच. तारीख कुठे घालायची, आधी किती वेळा सांगितलं ते कसं मोजून लिहायचं, रडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, उत्तर कधीपर्यंत हवं ते मात्र ठणकावून विचारायचं. मुलं हसली, भांडली, पत्रं फाडून नव्याने लिहायला लागली. मागे तीस शिक्षकांनी फॉर्म उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर आपापल्या तुंबलेल्या तक्रारी लिहायला घेतल्या. तज्ज्ञ घड्याळ बाजूला ठेवून विश्रामगृहातल्या बंद पंख्याबद्दल लिहीत होते.

घंटा झाली तेव्हा मॅडम भानावर आल्या. "गेली नोकरी," त्या मोठ्या सरांना म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. सरांनी पाण्याची बाटली पुढे केली.

अहवाल संध्याकाळीच द्यायचा होता. तज्ज्ञांपुढे तीस फॉर्म होते, आणि सगळ्यांच्या पुढच्या बाजू कोऱ्या. मॅडम बोलल्या असं लिहावं, तर आयुष्यभराचं संशोधन बुडतं. नापास करावं, तर तास चांगला झाला हे तीस जणांना माहीत. शिवाय पंख्याचं पत्र फारच उत्तम उतरलं होतं. बराच वेळ पेन चावून त्यांनी लिहिलं: 'शिक्षिका वर्गात असल्याची नोंद एकाही निरीक्षकाकडे नाही.' यातला शब्द न् शब्द खरा होता.

महिन्याभरात पत्र आलं. मॅडमनी पाकीट फोडलं, तोच सासूबाईंनी ते ओढून घेतलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "वर्गातील उल्लेखनीय अनुपस्थिती विचारात घेऊन आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे."

त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं आणि चष्मा काढला.

"आधी नाही का विचारायचंस त्यांना?" त्या हळहळून म्हणाल्या. "सहा वर्षं उगाच रोज जात राहिलीस."