नाकातले नऊ ग्रॅम

विमानाचा डावा पंख अजून चिकटलाही नव्हता, तोच नेवाळकरांच्या जेवणाच्या टेबलावर बेचाळीस प्रवासी सामानासकट येऊन बसले.

तिकिटं सगळ्यांकडे रीतसर होती. मिरज ते नागपूर, प्रमाण एकास बहात्तर. प्रवाशांची उंचीही त्याच प्रमाणात, म्हणजे करंगळीच्या पेराएवढी होती, त्यामुळे हरकत घ्यायला जागा नव्हती. दिगंबर नेवाळकर वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. त्यांनी भिंग लावून एकेक तिकीट तपासलं आणि मंडळींना मिठाच्या बरणीपलीकडे, रंगाचा वास येणार नाही अशा बेतानं बसायला सांगितलं.

"अहो, मग आपण जेवायचं कुठं?" कुंदाताईंनी विचारलं.

"खाली."

"आणि हे?"

"हे वर."

कुंदाताईंनी नवऱ्याच्या निवृत्तीनंतर प्लास्टिकची एकतीस विमानं सोसली होती. शोकेसमधली चांदीची भांडी त्यासाठी माळ्यावर गेली होती. पण आलेला पाहुणा तो पाहुणा. त्यांनी निमूटपणे शेंगदाणे सोलले, अर्ध्या दाण्यात चार माणसं असा हिशेब धरला आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणात पाणी भरून ठेवलं.

खोटं कशाला बोला, विमान वाईटच होतं. खोक्यावरच्या चित्रात ते ढगांतून असं काही झेपावत होतं की कुणीही भुलावं. आतले तुकडे मात्र एकमेकांना कधी न भेटल्यासारखे होते. पोटाचा उजवा भाग डाव्यापेक्षा लांब, खिडक्या एका रेषेत नाहीत, आणि डावा पंख कितीही दाबून धरला तरी मुळाशी दोन मिलिमीटरची फट राहायचीच.

"तुमच्या लेखी दोन मिलिमीटर," बोकील म्हणाले. "आमच्या लेखी चौदा सेंटिमीटर आणि वर थोडं. माझी हातातली पिशवी त्यातून खाली जाईल."

हे बोकील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. टेबलावर आल्यापासून अर्ध्या तासात त्यांनी प्रवाशांची हंगामी समिती स्थापन केली होती आणि तिचे अध्यक्षही तेच होते. समितीनं कामाचा दैनिक अहवाल लेखी मागितला. नेवाळकरांना ते योग्यच वाटलं. रोज संध्याकाळी ते कागदाच्या कपट्यावर टाचणीच्या टोकानं लिहून देत: "पुट्टीचा पहिला थर दिला. वाळत आहे." दुसऱ्या दिवशी: "घासून पाहिले. फट पुन्हा दिसते. दुसरा थर दिला. वाळत आहे." पॉलिश पेपरनं घासताना उडणारी धूळ प्रवासी नाकाला रुमाल लावून सहन करत होते.

समितीनं दिरंगाईची लेखी तक्रारही केली. तिच्यावर सही न करणारी एकच बाई होती. सोनूताई ठिते. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी, काखेत गाठोडं. ती खोडरबरावर एकटी बसून असायची आणि रोज सकाळी चालत चालत नेवाळकरांच्या चिमट्यापाशी यायची.

"भाऊ, कधी हो?"

"वाळल्यावर सांगतो."

"गुरुवारी सकाळी आमच्या यशवंताचं हृदयाचं ऑपरेशन आहे नागपूरला. धाकटा आहे माझ्यापेक्षा. डॉक्टरला म्हणाला, ताई येऊन डोक्यावर हात ठेवेपर्यंत भूल घेणार नाही. लहानपणी कुइनाइनसुद्धा असंच घ्यायचा मेला."

"ऐकेल हो डॉक्टरांचं."

"तुम्ही नाही ओळखत त्याला."

नेवाळकर वाळल्याशिवाय सांगणारे नव्हते. मोजल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त होती. पण त्या दिवसापासून ते पुट्टीवर फुंकर घालू लागले. मार्गाचाही हिशेब त्यांनी करून ठेवला. मिरजेहून नागपूर विमानाच्या वाटेनं साडेसहाशे किलोमीटर, भागिले बहात्तर, म्हणजे ईशान्येला नऊ किलोमीटर. तेवढ्या अंतरावर कुणाची तरी द्राक्षबाग येत होती. नागपूर तिथंच असणार, याबद्दल समितीचंही एकमत झालं.

बुधवारी दुपारी विमान पुरं झालं. दोन वैमानिक टोप्या घालून वेळेवर हजर झाले. नेवाळकरांनी विमान दोन बोटांत धरून अलगद टेबलावर ठेवलं, बोटं काढली, आणि विमान हळूच मागं कलून शेपटीवर बसलं. नाक छताकडे.



विमानं जोडणाऱ्या कुणालाही विचारा. असल्या विमानाचं पोट बंद करण्याआधी नाकात वजन घालावं लागतं. शिशाच्या गोळ्या, एखादा नट, काहीही. नाही घातलं तर पुढचं चाक जमिनीला लागत नाही. माहितीपत्रकात हे चौथ्याच पायरीला छापलेलं असतं. नेवाळकरांना ते पाठ होतं. पण दोन्ही भाग जुळवण्याच्या झटापटीत ते दर वेळी विसरत. शोकेसमधली एकतीस विमानं त्यांनी शेपटीखाली दात कोरायची काडी लावून उभी केली होती. त्यांत कुणाला कुठं जायचं नव्हतं, त्यामुळे चाललं.

"काडी लावा की," एक प्रवासी म्हणाला.

"काडी घेऊन उडता येत नाही," मोठा वैमानिक म्हणाला.

"पोट उघडायला किती लागतील?" बोकिलांनी विचारलं.

"पाच दिवस. पंख मोडला नाही तर."

सोनूताईनं गाठोडं सोडलं आणि पुन्हा बांधलं. नेवाळकरांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्यांच्या काट्यातली रतीभर खोट पकडण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि स्वतःच्या विमानाचं नाक मात्र त्यांनी बत्तिसाव्यांदा रिकामं ठेवलं होतं.

ते उठले आणि सोनाराकडचा जुना तराजू घेऊन आले. नाकाकडे दोऱ्यानं वजनं टांगून पाहिलं. नऊ ग्रॅमला पुढचं चाक बरोबर टेबलाला लागत होतं.

"सगळ्यांनी पुढच्या रांगांत दाटीवाटीनं बसायचं," ते म्हणाले. "सामानही पुढंच."

समितीनं पाच मिनिटं चर्चा करून ठराव संमत केला. मग प्रवासी, सामान आणि वैमानिक असे गटागटानं पारड्यात चढले. एकूण भरले आठ पूर्णांक आठ दशांश ग्रॅम.

"दोन दशांशानं काय होतंय?" बोकील म्हणाले. "घ्या चालवून!"

"दोन दशांश म्हणजे अख्खा माणूस आहे," नेवाळकर म्हणाले. "एकास बहात्तरला चौऱ्याहत्तर किलोचा."

कुंदाताई लसूण सोलता सोलता ऐकत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"चौऱ्याहत्तर तर तुम्हीच आहात."

ते खरं होतं. तिकिटाच्या मागं बारीक अक्षरांत नियमही होता: विमान जोडणाऱ्यास प्रवास करावयाचा असल्यास त्याचा विचार प्रमाणानुसार करण्यात येईल. बोकिलांनी तो सर्वांना वाचून दाखवला आणि उड्डाणास योग्य असल्याचा दाखला सहीसाठी पुढं सरकवला.

नेवाळकरांनी डाव्या पंखाच्या मुळाकडे पाहिलं. पुट्टीचे चार थर. हा सांधा दुसऱ्या कुणी केला असता तर त्यांनी तिथल्या तिथं सील ठोकलं असतं. खुर्चीत बसलेल्या नेवाळकरांना हा दाखला देणं अशक्य होतं. विमानात बसलेल्या नेवाळकरांना कदाचित जमलं असतं.

"कुंदा, माझा स्वेटर दे."

"परत कधी?"

"परवा. यशवंतराव शुद्धीवर आले की."

कुंदाताईंनी स्वेटर दिला, पोळीभाजीचा डबा दिला, आणि एवढंच म्हणाल्या, "खिडकीपाशी बसू नका, तुम्हाला वारं बाधतं." नेवाळकरांनी सही केली. त्यांचा विचार प्रमाणानुसार झाला आणि ते शिडी चढून आत गेले.

आत पुट्टीचा वास कोंदला होता. पहिल्या रांगेत सोनूताईनं सरकून जागा केली, पण ती नेमकी खिडकीपाशीच होती. ते बसले, तशी विमानाची शेपूट उचलली गेली आणि पुढचं चाक टेबलाला लागलं. मागून टाळ्या पडल्या. बोकिलांनी आभाराचा ठराव मांडला, पण पंखे फिरू लागल्यामुळे तो कुणाला ऐकू आला नाही.

"भाऊ," सोनूताईनं विचारलं, "पोचू ना हो सकाळपर्यंत?"

डाव्या पंखाचं मूळ त्यांच्या खिडकीतून दिसत होतं. ते थरथरत होतं. किती, ते मोजायला जवळ काही नव्हतं.

"पोचू," नेवाळकर म्हणाले.

विमान बरणीपासून निघालं, लसणाच्या सालींवरून उड्या घेत टेबलाच्या काठाशी आलं आणि उचललं गेलं. उघड्या खिडकीशी कुंदाताई उभ्या होत्या. छतावरचा पंखा त्यांनी आधीच बंद केला होता. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण बायकोला एवढं मोठं नेवाळकरांनी कधी पाहिलं नव्हतं. विमान त्यांच्या चेहऱ्यासमोरून गेलं तेव्हा त्यांचे गाल फुगलेले होते, डोळे भरलेले होते, आणि ते बाहेर पडेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता.